काटा चढताना १५० ग्रॅम कमी, उतरताना बरोबर : फिल्टरमधल्या भागाकाराचा प्रश्न

संकेश्वर_रिपेअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. संकेश्वर, निपाणी, चिकोडी भागातल्या गुऱ्हाळांवरचे इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करायचं माझं काम. एक काटा दुकानात आलाय. दोष लोडसेलचा (वजन जोखणाऱ्या सेन्सरचा) की प्रोग्रॅमचा, यावर मत हवंय.

आत लोडसेल, त्याचा सिग्नल आकड्यात बदलणारी एचएक्स७११ चिप आणि प्रोग्रॅम चालवणारा अर्डुइनो उनो बोर्ड आहे. काटा एका कारागिराने बनवून दिलेला. प्रोग्रॅमची फाईल मालकाकडे होती, म्हणून आत बघता आलं. प्रमाणित वजनं ठेवून घेतलेली रीडिंग अशी :

५ किलो ठेवले, ४.८५ दिसले.
१० किलो ठेवले, ९.८५.
३० किलो ठेवले, २९.८५.
सगळं काढलं, ०.००. चोख.
४० ठेवून त्यातले १० उचलले, ३०.०० चोख!

म्हणजे वजन चढवत गेलं की दीडशे ग्रॅम कमी, उतरवत आलं की बरोबर. आकडा हलू नये म्हणून प्रोग्रॅममध्ये एक फिल्टर टाकलाय. चलांची नावं इथं सोयीसाठी मराठीत लिहितोय :

दाखव = दाखव + ((आत्ता − दाखव) >> ४);

आत्ता म्हणजे ताजं रीडिंग, दाखव म्हणजे काट्यावर दिसणारा आकडा. दोन्ही चलं पूर्णांक, एकक १० ग्रॅम. म्हणजे ३० किलो = ३०००. मला संशय या >> ४ चा, म्हणजे सोळाने भागण्याचा आहे. गुऱ्हाळावर प्रत्येक रवा (गुळाची मोठी ढेप) रिकाम्या काट्यावर चढतो, कधी उतरवून मोजत नाहीत. ३० किलोच्या रव्यामागं १५० ग्रॅम, शंभर रव्यांना १५ किलो गूळ. हा शेतकऱ्याचा गूळ आहे, म्हणून नीट समजून घ्यायचंय. आणि असल्या कामात पूर्णांक भागाकार मुळातच टाळावा का, सरळ फ्लोट (दशांशासकट आकडा ठेवणारं चल) वापरावं का, तेही सांगा.

उद्यमबाग_फौंड्री

सेलच गेलाय बघ. पोरं रवा आपटत्यात काट्यावर, सेल वाकलेला असणार. चढताना एक आणि उतरताना एक म्हणजे हिस्टेरेसिस. बदल आणि सोड की.

वडगावकर

१५० ग्रॅम म्हणजे अर्ध्या पाव किलोहून थोडा जास्त कुंदा, आपली बेळगावी मिठाई. एवढा कुंदा रोज शंभरदा कोण सोडेल? धाग्याला +१, जाणकारांच्या प्रतीक्षेत.

मास्तर_चिकोडी

उद्यमबागवाले, सेल वाकला असता तर ५ किलोला आणि ३० किलोला सारखीच तूट आली नसती. हिस्टेरेसिस भाराप्रमाणे कमीजास्त होतो. इथं तूट टक्क्यात नाही, ठराविक आहे. पाचालाही १५ एकक, तिसालाही १५ एकक. सेल एवढा शिस्तीत बिघडत नाही. हे गणिताचं काम आहे.

कागद घ्या आणि शेवटची पावलं हाताने करून बघा. दाखव २९६९ वर आलाय, आत्ता ३०००. फरक ३१. एकतीस भागिले सोळा, पूर्णांकात १. दाखव २९७० झाला, फरक ३०. पुन्हा १. असं एकेक करत फरक १६ वर येतो, अजून एक पाऊल पडतं, फरक १५. आता १५ >> ४ किती? शून्य. शून्य मिळवत राहा वर्षभर, दाखव २९८५ वरून हलणार नाही. हेच तुमचं २९.८५.

आता उतरताना. दाखव ३०१५, आत्ता ३०००, फरक −१५. −१५ >> ४ चं उत्तर शून्य येत नाही, −१ येतं. कारण उजवीकडे सरकवणं म्हणजे नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जाणं. −१ >> ४ सुद्धा −१ च. म्हणून उतरताना फिल्टर शेवटच्या एककापर्यंत पोचतो.

हाच भागाकार त्या कारागिराने / १६ असा लिहिला असता तर सी भाषेत −१५ / १६ = ० आलं असतं, कारण तिथं भागाकार शून्याकडे छाटला जातो. मग सगळं वजन काढल्यावर रिकाम्या काट्यावर ०.१५ उभं राहिलं असतं आणि पहिल्याच दिवशी बोंब झाली असती. >> मुळे शून्य चोख येतं, म्हणून हा दोष लपून राहिला. काटा तपासताना लोक आधी शून्यच बघतात.

संकेश्वर_रिपेअर (धागाकर्ता)

सर, कागदावर करून बघितलं. २९८५ वर अडकतंय खरंच! पण सेलचं रीडिंग थोडं थरथरतं की. त्या नॉईजमुळे तो पुढं ढकलला जायला नको काय?

मास्तर_चिकोडी

चांगला प्रश्न. एका एककाच्या आतल्या थरथरीने काही होत नाही, कारण फरक १६ ला पोचतच नाही. थरथर मोठी असेल तर फिल्टर हलतो, पण >> दर वेळी खालीच ओढतं. सरासरी अर्ध्या पावलाच्या आसपास खाली. त्यामुळे तूट १५ वरून साडेसात एककांच्या जवळ येऊन थांबेल, शून्य होणार नाही. आणि मग ती चढताना-उतरताना दोन्हीकडे येईल, म्हणजे सापडायला आणखी अवघड.

अनिता_टिळकवाडी

सरांनी मुळावर बोट ठेवलंय. मी बेंगळुरात ऑडिओ सॉफ्टवेअरचं काम करते, तिथंही हाच किडा वेगवेगळ्या रूपात भेटतो. धागाकर्त्यांसाठी आधी उपाय सांगते.

सोळापट मोठा साठा ठेवा, भागाकार फक्त बाहेर काढताना करा :

साठा = साठा + आत्ता − (साठा >> ४);
दाखव = (साठा + ८) >> ४;

भागाकारात उरलेली बाकी साठ्यातच राहते, फेकली जात नाही. +८ जवळच्या पूर्णांकासाठी.

दुसरं, साठा हा इंट ठेवू नका, लाँग (३२ बिटी पूर्णांक) ठेवा. उनोवर इंट १६ बिटांचा, कमाल ३२७६७. तुमचे ३० किलो म्हणजे ३००० × १६ = ४८०००. साठा उलटून ऋण होईल. हाच कोड पीसीवर तपासलात तर तिथं इंट ३२ बिटांचा, सगळं सुरळीत दिसेल.

मास्तर_चिकोडी

अनिताताई, +८ काढा. उतरताना साठा कुठं थांबतो बघा : साठा >> ४ बरोबर ३००० होताक्षणी बदल शून्य. वरून येताना हे ४८०१५ वरच घडतं. त्यात ८ मिळवून सरकवलं तर ३००१, म्हणजे ३०.०१ किलो. नुसतं साठा >> ४ घेतलं तर चढताना ४८००० वर आणि उतरताना ४८०१५ वर, दोन्हीकडे ३००० च.

अनिता_टिळकवाडी

मान्य सर. +८ शिवायच घ्या.

फ्लोट_जिंदाबाद

एवढी उठाठेव कशाला? दाखव फ्लोट करा, काम संपलं. एचएक्स७११ सेकंदाला १० रीडिंग देतो, फार तर ८०. उनोत फ्लोटचं हार्डवेअर नसलं तरी सॉफ्टवेअरने एवढं सहज होतं. २०२० नंतरही लोक सरकवासरकवी करतात याचं वाईट वाटतं.

अनिता_टिळकवाडी

या काट्यापुरतं तुमचं बरोबर आहे, फ्लोटने हा दोष जाईल. पण 'फ्लोट केलं की संपलं' हे वाक्य मला पटत नाही. हीच ओळ लोक अशी लिहितात :

दाखव = दाखव + १/१६ * (आत्ता − दाखव);

दाखव फ्लोट आहे, तरी १ आणि १६ दोन्ही पूर्णांक. १/१६ आधी शून्य होतं, मग शून्य गुणिले काहीही शून्य. काटा ०.०० वर कायमचा झोपतो. डावीकडे फ्लोट आहे म्हणून उजवीकडचा भागाकार फ्लोटमध्ये होत नाही. भागाकाराच्या दोन बाजूंना काय आहे तेवढंच बघितलं जातं. आणि बाहेरून फ्लोटचा कास्ट (प्रकार बदलण्याची खूण) लावला, (फ्लोट)(अ/ब) असा, तर तोवर अपूर्णांक गेलेला असतो. १.०/१६ लिहायला हवं, किंवा अ ला आत कास्ट करायला हवं.

कंपायलर यावर सहसा गप्प बसतो. क्लँग-टायडी या कोड तपासणाऱ्या साधनात 'बगप्रोन-इंटिजर-डिव्हिजन' नावाची तपासणी आहे, ती हेच पकडते. चालू करून ठेवा.

आमच्या कामातलं रोजचं उदाहरण. आवाजाची ४४१०० सॅम्पल (मोजमापं) दर सेकंदाला, २० मिलिसेकंदाची चौकट हवी. एकाने लिहिलं ४४१०० / १००० * २०. उत्तर ८८०. खरं उत्तर ८८२. आधी गुणून मग भागलं, ४४१०० * २० / १०००, की बरोबर ८८२. दर चौकटीला दोन सॅम्पल म्हणजे सेकंदाला शंभर, मिनिटाला सहा हजार. एका मिनिटात सव्वाशे मिलिसेकंदाहून जास्त घसरण. चित्रात ओठ हलतात एकीकडे, आवाज येतो दुसरीकडे, आणि सगळे व्हिडिओ प्लेयरला शिव्या देतात.

उद्यमबाग_फौंड्री

अरे हां, हे आमच्याकडंबी झालंय! मोटरीचं व्हायब्रेशन बघायला एका पोराने ॲक्सेलरोमीटर बसवून दिला होता. सेकंदाला सॅम्पल हजार, एफएफटी (वारंवारता वेगळ्या करून दाखवणारं गणित) १०२४ ची. आलेखावर सगळ्या रेघा एकाच जागी, शून्य हर्ट्झवर. मोटर १४४० आरपीएमची, २४ हर्ट्झवर काहीतरी दिसायलाच पाहिजे होतं. सेन्सर दोनदा बदलला. तेबी हेच असणार काय?

अनिता_टिळकवाडी

काका, हेच. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे १०००/१०२४, खरं ०.९७६५६२५ हर्ट्झ. पूर्णांकात शून्य. मग कितवीही रेघ असो, शून्याने गुणली जाते. २४ हर्ट्झची उंच रेघ मोजणीत पंचविसावी आली असणार, फक्त तिच्याखालचा आकडा शून्य छापला गेला. सेन्सर चांगला होता.

उद्यमबाग_फौंड्री

दोन्ही सेन्सर ड्रॉवरमध्ये हायत. उद्या काढतो. सेलबद्दल बोललो ते मागं घेतो, मास्तर.

खानापूरची_पाखरं

थोडं अवांतर, पण याच विषयातलं. आम्ही काही जण खानापूर भागात वटवाघळांचे आवाज रेकॉर्ड करतो. याच तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे आणि बारापेडे गुहांमधलं रॉटनचं दुर्मीळ वटवाघूळही याच तालुक्यातलं, त्यामुळे मोजणी बिनचूक असावी असं फार वाटतं. कानाला न ऐकू येणारा आवाज पकडायला सेकंदाला १,९२,००० सॅम्पल घेतो.

आमच्याकडची जुनी स्क्रिप्ट पायथन २ ची होती. १९२०००/१०२४ तिथं १८७ येतं, खरं १८७.५. दोनशेव्या रेघेला ३७५०० ऐवजी ३७४०० हर्ट्झ. उद्यमबागच्या काकांचा आलेख शून्यावर बसला म्हणून निदान संशय तरी आला. आमचा आलेख दिसायला झकास होता, सगळ्या वारंवारता थोड्याथोड्या कमी. असा दोष जास्त वाईट.

आणि फ्लोट_जिंदाबाद यांच्यासाठी खास. वेळ काढायला सॅम्पल मोजणारा आकडा ३२ बिटी फ्लोटमध्ये ठेवला होता, दर सॅम्पलला एक मिळवायचा, शेवटी १९२००० ने भागायचं. ३२ बिटी फ्लोटला पूर्णांक सलग मोजता येतात ते १,६७,७७,२१६ पर्यंत, म्हणजे २ चा २४ वा घात. त्यापुढं एक मिळवला तरी आकडा तिथंच. आमच्या रेटने सत्त्याऐंशी सेकंदांतच हा आकडा गाठला जातो. त्यानंतरच्या प्रत्येक किलबिलाटाची वेळ एकच छापलेली! मोजणी पूर्णांकात ठेवली आणि फक्त शेवटचा भागाकार डबलमध्ये (६४ बिटी फ्लोटमध्ये) केला, मग सुटलं.

फ्लोट_जिंदाबाद

हे माहीत नव्हतं. ४४१०० ला किती वेळ टिकेल?

खानापूरची_पाखरं

३८० सेकंद. सव्वासहा मिनिटांचा अभंग कसाबसा बसेल, सात मिनिटांचा नाही.

व्हीटीयू_सातवं_सेम

मोठ्यांच्या चर्चेत घुसतोय. आमच्या वर्गात सगळे पायथन ३ वर आहेत. तिथं १/२ = ०.५, म्हणून आम्हाला हा त्रास नाही असं वाटायचं. पण उलटा त्रास आहे. एफएफटीचा अर्धा भाग घ्यायला १०२४/२ लिहिलं की ५१२ नाही, ५१२.० येतं आणि ॲरे ते घेत नाही, एरर. तिथं // लागतं. आणि // सुद्धा सीसारखं नाही. −७ // २ पायथनमध्ये −४, सीमध्ये −७ / २ म्हणजे −३. सीचा अल्गोरिदम आधी पायथनमध्ये तपासून बघितला की पूर्ण भाग न जाणारे ऋण सॅम्पल एकने वेगळे येतात, म्हणजे सरांनी सांगितलेला >> आणि / मधला फरकच. मॅटलॅबमध्ये तर तिसरंच : इंट३२ मध्ये ७ भागिले २ बरोबर ४, कारण ते जवळच्या पूर्णांकाला नेतं.

गेल्या आठवड्यात भजनाची स्टिरिओ फाईल मोनो करत होतो. नमपाय या पायथनच्या लायब्ररीत (डावा + उजवा) / २. टाळ वाजली की कडाड् आवाज. भागाकार फ्लोटमध्येच होतो, मग कडाड् कशाने?

अनिता_टिळकवाडी

भागाकाराच्या आधीची बेरीज बघ. दोन्ही बाजू इंट१६, म्हणजे १६ बिटी पूर्णांक. ३०००० + ३०००० = ६००००, इंट१६ मध्ये मावत नाही, उलटून −५५३६ होतं. मग भागलं, −२७६८. शिखराच्या जागी खड्डा, तोच कडाड्. बेरजेआधी फ्लोटमध्ये किंवा इंट३२ मध्ये ने. धागाकर्त्यांना साठा लाँग करायला सांगितला त्याचं कारण हेच.

अजून एक, भजनातच सापडेल. आवाज सारखा करायला लोक प्रत्येक तुकड्याला त्याच्या कमाल मूल्याने भागतात. दोन अभंगांमधली पूर्ण शांतता आली की शून्य भागिले शून्य. फ्लोटमध्ये प्रोग्रॅम कोसळत नाही, 'नॅन' (आकडाच नसलेलं मूल्य) तयार होतो आणि मुकाट पुढं जातो. पुढं मागचं उत्तर पुन्हा वापरणारा फिल्टर असेल, धागाकर्त्यांच्या काट्यासारखा, तर नॅन त्याच्या पोटात बसतो आणि पुढचं सगळं रेकॉर्डिंग नॅन. भागण्याआधी कमाल मूल्य तपासायचं, फार लहान असेल तर तुकडा तसाच सोडायचा.

वडगावकर

वाचनखूण साठवली. यंत्रमागाच्या धाग्यापेक्षा हा धागा गुंतागुंतीचा निघाला.

मास्तर_चिकोडी

मूळ प्रश्न राहू नये. पूर्णांक टाळावा का? माझं मत, नाही. पूर्णांकात बाकी कुठं जाते ते दिसतं, हातात धरून ठेवता येतं. पण काट्याच्या या प्रोग्रॅमचा खरा दोष फिल्टरच्या आधी आहे. एचएक्स७११ चोवीस बिटांचं रीडिंग देतो आणि या माणसाने ते आधीच १० ग्रॅमच्या एककात भागून टाकलं. सगळी बारकाई तिथंच सांडली, मग उरलेल्या जाड आकड्यांवर फिल्टर चालवला. कच्च्या रीडिंगवर फिल्टर लावा. २४ बिट गुणिले सोळा म्हणजे २८ बिट, लाँगमध्ये आरामात मावतं. ग्रॅममध्ये रूपांतर अगदी शेवटी, एकदाच.

त्या शेवटच्या भागाकाराला मात्र जवळचा पूर्णांक घ्या, आणि ऋण बाजूला अर्धा वजा करायला विसरू नका. नुसतं छाटलं तर −९ ग्रॅमपासून +९ ग्रॅमपर्यंत सगळं शून्यच दिसेल, म्हणजे शून्याचा पट्टा इतरांच्या जवळपास दुप्पट रुंद.

संकेश्वर_रिपेअर (धागाकर्ता)

सर, अनिताताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. कच्च्या रीडिंगवर फिल्टर, साठा लाँग, रूपांतर शेवटी. ५.००, १०.००, ३०.००. वरून उतरून आलं तरी ३०.००. रिकामा ०.००. सेल तोच, एक स्क्रूसुद्धा हलवला नाही.

मधे एक सापडलं ते सांगतो. मालक म्हणाला, मागच्या साली एकाने ३० किलो ठेवून काटा 'सेट' करून दिला होता. म्हणजे गुणकच वाढवला होता, ३० ला ३०१५ यावेत असा. तेव्हा तीस किलोला ३०.०० दिसायचं, पण १० किलोला १००५ − १५, म्हणजे ९.९०. लहान ढेपा कमी भरतात म्हणून मालकाने तो गुणक पुन्हा जुना करून घेतला होता. म्हणजे दोष तिथंच होता, फक्त इकडून तिकडं सरकत होता.

कायद्याचं_बोला

काटा खरेदी-विक्रीला वापरणार असाल तर एक गोष्ट राहिली. वैधमापन कायदा २००९ प्रमाणे दुरुस्तीनंतर काटा पुन्हा तपासून मुद्रांकन करून घ्यावं लागतं. प्रोग्रॅम बदलणं ही दुरुस्तीच. तिसऱ्या अचूकता वर्गातल्या काट्याला, १० ग्रॅमचं एकक धरलं तर, ३० किलोवर पडताळणीच्या वेळी फक्त १५ ग्रॅमची सूट आहे. तुमचा काटा त्याच्या दहापट चुकत होता. आणि 'कारागिराने बनवून दिलेला' म्हणताय, तर त्या मॉडेलला मान्यता आहे का तेही मालकाला विचारा. नसेल तर तो फक्त घरच्या अंदाजाला.

संकेश्वर_रिपेअर (धागाकर्ता)

मान्यता नाहीये, विचारलं. मालकाला स्पष्ट सांगितलं, विक्रीचा रवा यावर मोजायचा नाही. तो मुद्रांकनवाला काटा घेतोय. हा कढईत ओतण्याआधी रस-चुन्याचा अंदाज घ्यायला राहील.

रायबाग_ऊसवाला

सगळा धागा वाचला, सी-बी काय कळत नाही. प्रोग्रॅम न उघडता शेतकऱ्याला हे तपासता येतंय काय, तेवढं सांगा.

मास्तर_चिकोडी

येतं की. रिकाम्या काट्यावर एक पोतं ठेवा, आकडा थांबू द्या, लिहून घ्या. ते न हलवता त्यावर दुसरं जड काही ठेवा, थांबा, मग फक्त वरचं उचला. पहिला आकडा परत आला पाहिजे. एका एककाचा फरक सोडून द्या. जास्त आला तर तिथंच तीनदा करून बघा, दर वेळी तेवढाच फरक आला तर लिहून वैधमापन निरीक्षकाकडे द्या. नुसतं शून्य बघून काटा बरोबर म्हणू नका.

रायबाग_ऊसवाला

उद्या सोयाबीन घालायचंय. दोन पोती जास्तीची नेतो.